डाग एक, नावे तीन

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलीने मेंदूच्या छायाचित्रांवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. मला स्वतःलाही वाटते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हाती एक कागद आला आणि चौदा वर्षांचे शिक्षण पदरी असूनही मला तो वाचता आला नाही. त्या न वाचता आलेल्या कागदातूनच हा लेख निघाला आहे.

माझी मावशी निंबोल्याला असते. बऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. चहूकडे केळीच्या बागा आणि कापूस, आणि बोलण्यात मराठी, हिंदी व निमाडी यांची सरमिसळ. मावशीची मोठी मुलगी, माझी ताई, घरीच शिवणकाम करते. वय चोवीस. दिवाळीच्या तोंडावर तिच्या मशीनला उसंत नसते. पण मी पोचले तेव्हा मशीनवर चादर टाकलेली होती. आठ दिवसांपासून ताईचा डावा पाय पायटा धरत नव्हता. हातातली सुई केव्हा गळून पडे हे तिला समजत नसे. कुणी म्हणाले वारे गेले, कुणी म्हणाले बाहेरचे आहे. काका मात्र तिला मोटारीत घालून शहरात घेऊन गेले. तिथे मेंदूचा सीटी स्कॅन झाला. डोक्याच्या उजव्या बाजूला एक मोठा डाग होता आणि त्याची कड पांढरी दिसत होती.

रिपोर्ट इंग्रजीत होता. शेवटच्या ओळीत तीन शब्द होते आणि मध्ये तिरप्या रेघा. काकांनी कागद माझ्यापुढे धरला. "बेटा, तू कॉलेजात जाते ना, वाच बरं हे. हे तीन आजार एकदमच झाले का तिला?"

पहिला शब्द गाठ, म्हणजे ट्यूमर. दुसरा जंतूंमुळे होणारी गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा. तिसरा डिमायलिनेशन. पहिले दोन मी कसेबसे लावले. तिसरा शब्द मी आयुष्यात प्रथमच वाचत होते. रिपोर्ट ज्यांच्या हाती गेला त्या डॉक्टरांनी पहिल्याच शब्दावर बोट ठेवले आणि कवटी उघडून गाठ काढावी लागेल, लवकर ठरवा, असे सांगितले. त्या रात्री काका उभी केळीची बाग कुणाकडे गहाण टाकता येईल याचा हिशेब करीत बसले होते. मावशी देवापुढे बसली होती. हिशेब माझा विषय, पण त्या हिशेबात मला काहीच मदत करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी एका नातलगाने आग्रह धरला की डोक्याला हात लावण्याआधी मेंदूविकारांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. म्हणून त्याच रस्त्याने पुढे आम्ही इंदूरला गेलो. तिथे जे पाहिले व ऐकले, आणि परत आल्यावर पुस्तके धुंडाळून जे समजले, ते प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

तारेवरचे वेष्टन

आपल्या मेंदूत ढोबळमानाने दोन प्रकारचा भाग असतो, करडा आणि पांढरा. करड्या भागात पेशींची घरे आहेत. पांढऱ्या भागातून या पेशींचे लांब धागे जातात. विजेच्या तारेवर जसे प्लॅस्टिकचे वेष्टन असते, तसे या धाग्यांवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते आणि त्यामुळेच तो भाग पांढरा दिसतो. वेष्टन शाबूत असेल तर संदेश वेगाने धावतो. ते झिजले किंवा सोलले गेले की संदेश अडखळतो, कधी पोचतच नाही. वेष्टन असे नष्ट होण्याला डिमायलिनेशन म्हणतात. आपण त्याला मायलिनक्षय म्हणू. मात्र यातल्या 'क्षय' शब्दाचा क्षयरोगाशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मायलिनक्षयाच्या आजारांत सर्वांत परिचित आजार म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. फ्रान्समधील शार्को या वैद्याने १८६८ साली त्याचे नीट वर्णन केले. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच चुकून स्वतःच्या मायलिनवर हल्ला करते, अशी आजची समजूत आहे. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. कुणाची एका डोळ्याची दृष्टी अंधुक होते, कुणाचा पाय ओढला जातो, कुणाला बधिरपणा येतो. काही आठवड्यांनी पुष्कळदा आराम पडतो आणि मग केव्हातरी पुन्हा झटका येतो.

दोन यंत्रे

पूर्वी हे डाग पाहण्यासाठी माणूस मरेपर्यंत थांबावे लागे. जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याची सोय झाली ती सीटी स्कॅनमुळे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्लीज रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाची तपासणी झाली आणि १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीमध्ये क्ष-किरण चहूबाजूंनी सोडतात आणि संगणक त्यावरून मेंदूचा काप रचतो. हाड, ताजा रक्तस्राव, चुन्यासारखे कण हे त्यात उत्तम दिसतात. मायलिनक्षयाचे डाग मात्र त्यात पुष्कळदा निसटतात.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. शरीरात जिकडे तिकडे पाणी आहे आणि पाण्यात हायड्रोजन आहे. रुग्णालयातले नेहमीचे १.५ टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारे तीस हजार पट असते. त्यात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी हलकासा धक्का देतात आणि ती पूर्वस्थितीत येताना जे संकेत सुटतात त्यांचे चित्र बनवतात. जिथे पाणी वाढले किंवा त्याची चाल बदलली, तिथे चित्र बदलते. १९८१ साली लंडनच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या दहा रुग्णांना दोन्ही यंत्रांखाली तपासले. सीटीत १९ डाग दिसले. एमआर यंत्रात ते १९ तर दिसलेच, शिवाय आणखी ११२ दिसले! म्हणून इंदूरच्या डॉक्टरांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे की या सीटीवर मी कोणतेही नाव लिहिणार नाही, आधी एमआरआय करू आणि मानेच्या मणक्यांचाही करू.

रिंग सगळ्यांचीच असते

मेंदू व रक्त यांच्यामध्ये एक कडक नाके असते. रक्तातले वाटेल ते मेंदूत शिरू शकत नाही. सूज आली, जंतू शिरले किंवा गाठ वाढू लागली, की हे नाके त्या जागी ढिले पडते. एमआरआय करताना शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात, त्याला सगळे कॉन्ट्रास्ट म्हणतात. जिथे नाके ढिले असेल तिथून ते झिरपते आणि चित्रात ती जागा उजळते. डागाच्या कडेला दाह ताजा असेल आणि मध्यभाग मृत किंवा जुना असेल, तर केवळ कड उजळते. तीच रिंग.

आता घोटाळा लक्षात यावा. रिंग ही आजाराची खूण नसून नाके ढिले पडल्याची खूण आहे. म्हणून घातक गाठ, पुवाचा गळू, क्षयाची गाठ, फीतकृमीची अळी आणि मायलिनक्षय हे सारेच रिंग दाखवू शकतात. आपल्या अंकाला मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत, म्हणून एक सोपे उदाहरण देते. देवनागरीत 'मने' ही दोन अक्षरे लिहून मराठी मित्रास दाखवली तर तो म्हणेल, मनचे अनेकवचन. कन्नड मित्र म्हणेल, घर. अक्षरे तीच, चूक कुणाचीच नाही. अर्थ कळायचा तर पुढचामागचा मजकूर पाहावा लागतो. मेंदूतल्या रिंगचेही तसेच आहे. रेडिऑलॉजिस्टने तीन नावे लिहिली म्हणजे तीन आजार झाले असे नव्हे. या तिघांपैकी कोण, हे अजून ठरायचे आहे, एवढाच त्या तिरप्या रेघांचा अर्थ.

पुढचामागचा मजकूर

हा मजकूर कसा वाचतात ते थोडक्यात सांगते.

मायलिनक्षय. याची रिंग पुष्कळदा अपुरी असते. ताज्या दाहाची आघाडी पांढऱ्या भागात सरकते, तिथे कड उजळते; करड्या भागाच्या बाजूला मायलिन थोडे, म्हणून तिथे कड तुटते. डाग मोठा असूनही आजूबाजूला ढकलाढकल आणि सूज त्या मानाने कमी असते. लहान डाग लांबट अंड्याच्या आकाराचे असून मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना काटकोनात टेकलेले असतात. एडिंबरोच्या जेम्स डॉसन यांनी १९१६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना डॉसनची बोटे म्हणतात. खास चित्रांत पुष्कळ डागांच्या मधोमध एक बारीक शीर दिसते. दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या पुलात आणि मानेच्या मज्जारज्जूतही डाग सापडतात.

घातक गाठ. ग्लिओब्लास्टोमा या गाठीची रिंग बहुधा जाड, ओबडधोबड आणि पुरी असते. ती शेजाऱ्यांना ढकलते. तिला वाढायला रक्त लागते, म्हणून रक्तप्रवाह मोजणाऱ्या चित्रात तिची कड भरपूर रक्त ओढताना दिसते. मायलिनक्षयाच्या डागात हा प्रवाह सहसा फारसा वाढत नाही. लिम्फोमा ही दुसरी गाठ मात्र निराळी. रुग्णाची प्रतिकारशक्ती ठीक असेल तर ती बहुधा आतून-बाहेरून सारखीच उजळते.

पुवाचा गळू. याची कड पातळ व गुळगुळीत. पू दाट असतो, त्यात पाण्याच्या रेणूंना हालचाल करता येत नाही. डिफ्यूजन नावाच्या चित्रात नेमकी हीच हालचाल पाहतात आणि गळूचा मध्यभाग तिथे झगझगीत दिसतो. घातक गाठीचा मृत मध्यभाग सहसा असा झगमगत नाही. ताप नाही म्हणून गळू नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

क्षयाची गाठ. अनेक रिंगा एकमेकींना चिकटून राहतात, मेंदूच्या आवरणालाही सूज असते, एका विशिष्ट चित्रात मध्यभाग काळसर दिसतो. स्पेक्ट्रोस्कोपी या तपासणीत गाठीतील रासायनिक द्रव्यांचा अंदाज घेतात. क्षयाच्या गाठीत स्निग्ध द्रव्याची उंच रेघ उठते.

फीतकृमीची अळी. डाग लहान, गोल, आणि आत अळीच्या डोक्याचा ठिपका. जुन्या अळ्यांचे चुनखडी कण सीटीत उठून दिसतात. रुग्णाला पुष्कळदा फिट येते.

यांतली कुठलीही खूण एकटी घेऊन निकाल देता येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला दोनदा बजावले. मायलिनक्षयाची रिंग कधी पुरी असते, त्याची कडही कधी डिफ्यूजनमध्ये चमकते, आणि गाठीची रिंग क्वचित अपुरी असते. खुणा जितक्या अधिक एका बाजूला झुकतील तितकी खात्री वाढते.

ताईची नवी चित्रे पडद्यावर लावून डॉक्टर इंदुरी मराठीत म्हणाले, "ही बांगडी बघा, एका बाजूने फुटलेली आहे." मावशीने झटकन पदर तोंडावर घेतला. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. डॉक्टरांच्या ते ध्यानात आले. ते हसून म्हणाले, "माई, ही अख्खी असती तर मला जास्त काळजी वाटली असती." मग त्यांनी पाण्याच्या पोकळ्यांजवळचे तीन लहान, लांबट डाग दाखवले. सीटीत यांचा मागमूसही नव्हता. मानेच्या मज्जारज्जूतही एक होता. मोठा डाग कॉन्ट्रास्टने उजळला होता, हे लहान उजळले नव्हते. म्हणजे ते जुने होते. डॉक्टरांनी ताईला विचारले, "पूर्वी कधी काही झालं होतं?" ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, दोन वर्षांपूर्वी महिनाभर उजव्या डोळ्याने सुईचे नेढे दिसत नव्हते. चष्मा लागला असेल असे वाटले. पुढे आपोआप दिसू लागले, म्हणून ती कुणाला बोललीच नाही.

ताळेबंद एका तारखेचा असतो

येथे माझ्या विषयाचा थोडा उपयोग झाला. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की ताळेबंद हा एका तारखेचा असतो. ३१ मार्चला तिजोरीत काय होते ते त्यावरून कळते. धंदा चढतो आहे की बुडतो आहे, हे दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवल्यावाचून कळत नाही. स्कॅन हाही एका दिवसाचा ताळेबंद आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निदानाचे नियम याच तत्त्वावर उभे राहिले. इयान मॅकडोनल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे हे नियम २००१ साली आले आणि पुढे २००५, २०१०, २०१७ व २०२४ मध्ये सुधारले गेले. २०२४ च्या सुधारणेपर्यंत गाभा असा होता की मायलिनक्षय मज्जासंस्थेच्या एकाहून अधिक जागी झालेला दिसला पाहिजे आणि तो एकाहून अधिक वेळी झालेला दिसला पाहिजे. एकाच चित्रात उजळलेला ताजा डाग आणि न उजळलेला जुना डाग शेजारी सापडले, तर दोन वेळांचा पुरावा एकाच दिवशी हाती येतो. ताईच्या बाबतीत तसेच झाले. २०२४ च्या नियमांत तर डोळ्याच्या नसेलाही एक जागा म्हणून मान मिळाला आहे आणि डागाच्या मधोमध दिसणाऱ्या शिरेचाही उपयोग करता येतो. आणि या सर्वांवर एक अट आहे. याहून अधिक योग्य असे दुसरे कारण नसावे.

ही अट पाळण्यासाठी, हिशेबतपासनीस जसा खतावणीवर न थांबता पावत्या मागतो, तसे डॉक्टर इतर पुरावे मागतात. पाठीतून काढलेल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल पट्टे आहेत का? क्षयाचे जंतू किंवा जंतुसंसर्गाच्या इतर खुणा आहेत का? छातीचा एक्स-रे, एचआयव्हीची तपासणी, रक्तातील प्रतिपिंडे. यांपैकी अ‍ॅक्वापोरिन-४ विरुद्धचे प्रतिपिंड २००४ साली सापडले. त्यामुळे डोळ्याची नस व मज्जारज्जू यांवर घाला घालणारा एनएमओ नावाचा आजार मल्टिपल स्क्लेरोसिसपासून वेगळा काढता येऊ लागला. हा फरक जपावा लागतो, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे एनएमओच्या रुग्णाला अपायकारक ठरतात.

एवढे करूनही शंका उरली तर बारीक सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. तेव्हा शस्त्रक्रिया हा शब्द उच्चारणारा प्रत्येक डॉक्टर चुकीचा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट बाजूचा एक धोकाही सांगते. स्टेरॉइडने मायलिनक्षयाची सूज ओसरते; पण लिम्फोमाही स्टेरॉइडने तात्पुरता विरघळतो, आणि मग तुकडा तपासूनही काही सापडत नाही. म्हणून लिम्फोमाचा दाट संशय असेल आणि रुग्णाची प्रकृती तग धरण्याजोगी असेल, तर डॉक्टर स्टेरॉइड थांबवून आधी तुकडा काढतात. घाईने कापणे चूक, तसे घाईने औषध देणेही चूक ठरू शकते.

आपल्याकडचा धडा

आपल्या देशाने हा धडा एकदा शिकलेला आहे. सीटी स्कॅन आल्यावर १९८० च्या दशकात फिट येणाऱ्या पुष्कळ रुग्णांच्या मेंदूत एकच लहानशी रिंग दिसू लागली. क्षय आपल्याकडे घरोघरी, तेव्हा ही क्षयाचीच गाठ असे धरून अनेकांना महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली जात. डाग नाहीसा होई आणि औषध लागू पडले असे वाटे. परंतु काहींचे डाग औषधाविनाही नाहीसे होऊ लागले! वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे डाग काढून तपासले, तेव्हा बहुतेकांत फीतकृमीची मरती अळी निघाली. १९९३ साली त्यांनी फरक ओळखण्याची सोपी मापे दिली. डाग २० मिलिमीटरहून लहान, कड नियमित आणि मेंदूची मध्यरेषा न सरकलेली असेल, तर अळीची शक्यता अधिक. डाग त्याहून मोठा, वेडावाकडा आणि मध्यरेषा सरकवणारा असेल, तर क्षयाची.

दुसरी चूक अशी की मल्टिपल स्क्लेरोसिस हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे तो नसतोच, असे पुष्कळ काळ समजले जाई. मुंबईचे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील पारशी समाजात तो बराच आढळतो असे दाखवले. मुंबईचेच डॉ. भीमसेन सिंघल यांनी भारतीय रुग्णांतील या आजाराचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९८५ साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. आणि आपल्या कर्नाटकातील मंगळुरू शहरात डॉ. लेखा पंडित यांनी मायलिनक्षयाच्या रुग्णांची नोंदवही उघडली; २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत लाखामागे सुमारे आठ जणांना मल्टिपल स्क्लेरोसिस आढळला. आकडा लहान वाटेल. पण ज्या आजाराचे नावच यादीत नाही, तो डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ताईच्या कागदावर ते नाव होते, शेवटचे का होईना. तेवढ्यावर आम्हाला पुढची वाट सापडली.

डॉ. सिंघल यांचेच आणखी एक काम येथे आठवते. १९९६ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी अगरवाल समाजातील काही मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. मुलांची डोकी मोठी आणि एमआरआयमध्ये सगळा पांढरा भाग बिघडलेला. चित्र पाहून मूल अंथरुणाला खिळले असेल असे वाटावे. प्रत्यक्षात ती मुले पुढे कित्येक वर्षे चालत-बोलत होती. चित्र कितीही स्पष्ट असले तरी शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहिल्यावाचून ते पुरे वाचता येत नाही, हेच यावरून दिसते.

सामान्य माणसाने काय करावे

आपण डॉक्टर नाही आणि चित्रे वाचणे आपले काम नव्हे. पण तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पहिली, जुनी फिल्म, सीडी व रिपोर्ट कधीही टाकू नयेत, कारण जुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय नव्याला पुरा अर्थ येत नाही. दुसरी, आधी होऊन गेलेले लहानसहान दुखणे डॉक्टरांना सांगावे. ताईने डोळ्याची गोष्ट विचारल्यावर सांगितली, पण विचारले नसते तर? तिसरी, कागदावर तिरप्या रेघांनी जोडलेली नावे दिसली तर विचारावे की यांपैकी कोणते अधिक संभवते, ते कशावरून, आणि ठरवण्यासाठी पुढे काय करायचे. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. मात्र रुग्ण बेशुद्ध पडत असेल, उलट्या व डोकेदुखी वाढत असेल किंवा फिट थांबत नसेल, तर प्रश्न विचारीत न बसता तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे.

ताईच्या पाठीतील पाण्यात ऑलिगोक्लोनल पट्टे सापडले, क्षयाची कोणतीही खूण सापडली नाही. शिरेतून पाच दिवस स्टेरॉइड दिले. तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला, तेव्हा मोठा डाग आकसून चिंचोक्याएवढा उरला होता आणि उजळत नव्हता. घातक गाठ अशी आकसून गप्प बसत नाही. कवटी उघडावी लागली नाही. बागही गहाण पडली नाही, जरी त्या वर्षीच्या केळीचे बरेच पैसे तपासण्यांत गेले.

परंतु ताई बरी झाली असे लिहून लेख संपवता येणार नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. झटके कमी करणारी औषधे आहेत आणि ती दीर्घकाळ घ्यावी लागतात. ताई ती घेते आहे आणि ठरल्या वेळी तिचे स्कॅनही होतात. डाव्या बोटांत थोडा बधिरपणा राहिला आहे, म्हणून काजबटणे करायला तिने शेजारची एक मुलगी हाताशी घेतली आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात जे २१ प्रकार नमूद आहेत, त्यांत या आजाराचे नाव आहे; तिच्या प्रमाणपत्राचे कागद कसे करायचे ते आता मी पाहते आहे. तो हिशेब तरी मला येतो.

काकांनी ती पहिली फिल्म, रिपोर्ट आणि पुढची सारी चित्रे एका पत्र्याच्या पेटीत तारीखवार लावून ठेवली आहेत. परवा फोनवर ते मला म्हणाले, "बेटा, त्या कागदावर तीन नावं होती ना, त्यातली दोन मी पेन्सिलीनं खोडली. रेघ हलकीच मारली आहे. वरचं वाचता यायला पाहिजे."

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा कागद कधी न येवो. आला, तर त्यावरच्या पहिल्या नावालाच निकाल समजू नये, एवढे जरी या लेखाने साधले तरी लेखणी हाती घेतल्याचे सार्थक झाले असे मी मानीन.

— बी. कॉम., तृतीय वर्ष